काम काय आहे तिकडं?

मिरज,
ऑगस्ट २०२५

चि. लेकीस सिस्टरआजीचे अनेक आशीर्वाद.

"हंपीला एकटीच जायचंय" म्हटल्यावर तुझ्या आईनं एवढंच विचारलं, "काम काय आहे तिकडं?" आणि तुला उत्तर सुचलं नाही, असं तू लिहिलंयस. ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. हाच प्रश्न बारा वर्षांपूर्वी मला माझ्या धाकट्या भावानं विचारला होता. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, नोकरीतून निवृत्त झालेले, पेन्शनची कागदपत्रं जमा केलेली. आणि मलाही उत्तर सुचलं नव्हतं.

तुझ्या वयात मी एकटीनं प्रवास केला नव्हता असं नाही. १९७४ साली, एकोणीस वर्षांची असताना, जत तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर परिचारिका म्हणून माझी पहिली नेमणूक झाली. वडिलांना रजा मिळेना, भाऊ शाळेत. पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि नेमणुकीचा कागद घेऊन मी मिरजेच्या स्टँडवर एसटीत चढले. जतला गाडी बदलायची होती. पुढची गाडी मुक्कामाची, म्हणजे संध्याकाळी सुटून रात्री गावात थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी. गाडीत बाजार करून परतणारे गडी, आणि तरुण मुलगी मी एकटीच. घशाला कोरड पडली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरनं एक म्हातारी, मांडीवर माळव्याची रिकामी बुट्टी, मोठ्यानं म्हणाली, "ए पोरी, हिकडं ये. माझ्याजवळ बस. कुणी इचारलं तर नात हाय म्हणून सांग." मी गेले. तिनं माझं नाव विचारलं नाही, मीही तिचं विचारलं नाही. गावात उतरल्यावर मला सरपंचांच्या घरापर्यंत पोचवून ती अंधारात निघून गेली. एकटीच.

हे शेवटचं माझ्या लक्षात यायला कितीतरी वर्षं लागली. मला सोबत करणारी ती बाई स्वतः एकटी होती. दर बाजारच्या दिवशी त्याच गाडीनं, त्याच अंधारातून परतत होती. तिला कुणी धाडसी म्हटलं नव्हतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायका, द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या, मुंबईच्या पहिल्या लोकलनं भाजी आणणाऱ्या, रात्रपाळी करून घरी परतणाऱ्या परिचारिका, एसटीतल्या वाहक बाया, या सगळ्या रोज एकट्याच असतात. "पहिल्यांदा एकटीनं" हे शब्द आपल्यासारख्या घरांतल्या मुलींच्या तोंडी येतात, कारण आपल्याला कुणीतरी नेऊन सोडायची आणि आणायला यायची सवय लावलेली असते. तू रस्त्यावर उतरशील तेव्हा तो रस्ता बायकांनी आधीच वहिवाटीचा केलेला असेल, हे ध्यानात ठेव.

पण या सगळ्याजणींकडे एक गोष्ट असते. काम. माझ्याकडे एकोणचाळीस वर्षं औषधांची पेटी होती. रात्री दोनला कुणी बाळंतपणाला बोलवायला आलं की कंदील आणि पेटी घेऊन मी निघायची. वाड्यावस्त्यांवर लसीकरणाला गेले, पूर आला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातनं गेले. कुणी विचारलं नाही, एकटी कुठं निघालीस. पेटी दिसली की लोक बाजूला होत. बाईनं दवाखान्याला जावं, मयताला जावं, माहेरी जावं, वारीला जावं, कामावर जावं, त्याला आपल्याकडे वाट आहे. बाईनं नुसतं बघायला जावं याला नाही.

आनंदीबाई जोशींची गोष्ट तुला माहीत आहे. एक तपशील मात्र शाळेत सांगत नाहीत. अमेरिकेला निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांना जाहीर भाषण करावं लागलं. लोक जे प्रश्न विचारून छळत होते ते त्यांनी स्वतःच एकेक करून मांडले आणि त्यांची उत्तरं दिली. त्यातला एक प्रश्न होता, मी एकटी का जाते? डॉक्टर होऊन देशातल्या बायकांना वाचवायचं, एवढं मोठं कारण पदरात असूनही त्या अठरा वर्षांच्यासुद्धा न झालेल्या मुलीला सभेपुढं उभं राहून हिशोब द्यावा लागला. ७ एप्रिलला कलकत्त्याहून त्यांची बोट सुटली. मी परिचारिका झाले त्याच्या मुळाशी त्या आहेत, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात जे आहे ते कागदावर उतरणार नाही. पण तुला पुन्हा तशाच सभेपुढं उभं करावं, हे मला मान्य नाही. आनंदीबाईंनी दिलेला हिशोब आपल्या सगळ्यांच्या वाटचा होता, असं मी मानते.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींचं 'व्हाय लॉयटर?' नावाचं इंग्रजी पुस्तक आहे, २०११ सालचं. भाचीनं मला आणून दिलं होतं. मुंबईत बायका रस्त्यावर कशा वावरतात हे त्यांनी पाहिलं, आणि बाईला बाहेर असताना काहीतरी कामात असल्यासारखं दिसावं लागतं, हे लिहून ठेवलं. उगाच उभं राहण्याचा, विनाकारण भटकण्याचा हक्क त्या मागतात. मी ते शब्दकोश घेऊन वाचलं, तेव्हा पेटी आठवली.

२०१३ च्या जानेवारीत मी निवृत्त झाले आणि फेब्रुवारीत हंपीला निघाले. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराला दोन महिनेही झाले नव्हते. घराघरांत तेच बोलणं. भाऊ म्हणाला, "या दिवसांत?" मी म्हटलं, "कुठल्या दिवसांत जाऊ?" त्यावर तो काही बोलला नाही, पण स्टेशनवर मला सोडायलाही आला नाही.

आता गाडीचं सांगते. कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस दुपारी मिरजेहून निघते, बेळगाव, हुबळी, गदग करत होसपेटला पोचेपर्यंत रात्र होते. अनोळखी गावात पहिल्यांदा दिवसाउजेडी पोचावं, या नियमात ही गाडी बसत नाही. म्हणून होसपेटला स्टेशनजवळची खोली आधी पक्की कर, तिथं फोन करून "मी एकटी आहे, रात्री येणार आहे" हे स्पष्ट सांग, आणि हंपीला सकाळी जा. ते पुढं बारा-तेरा किलोमीटर आहे, बस मिळते. मी फोन केला नव्हता. पहिल्या लॉजवाल्यानं माझ्यामागं कुणी पुरुष आहे का ते बघितलं आणि बायकांना एकट्यांना खोली देत नाही म्हणाला. असा कुठलाही कायदा नाही, हे मला ठाऊक होतं, त्याला सांगितलंही. तरी रात्री नऊला पिशवी घेऊन रस्त्यावर उभं राहताना माझे पाय थरथरले. शेवटी औषधांच्या दुकानात गेले. पेटीची सवय. दुकानदाराच्या बायकोनं दोन घरं पलीकडचं ठिकाण दाखवलं. अडचणीत कुठं जायचं हे आठवेना तर औषधाचं दुकान शोध. तिथं उजेड असतो, लोक असतात, दुकान उशिरापर्यंत उघडं असतं.

तिकीट काढताना लेडीज कोटा बघ. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपरच्या सहा बर्थ बायकांसाठी राखीव असतात, वय कितीही असो, एकटी असो की गटात. रात्रीच्या प्रवासात वरची बर्थ घे. मधली बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढीच उघडता येते, त्यावरून कुणी वाद घातला तर नियम तुझ्या बाजूनं आहे. रेल्वेचा मदतीचा नंबर १३९. हाच आकडा दुसऱ्या ठिकाणीही लक्षात ठेव. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १३९ वं कलम म्हणतं की तिकीट नाही म्हणून एकट्या बाईला कुठल्याही आडस्टेशनावर उतरवता येत नाही. ती जिथं चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, इथंच उतरवता येतं आणि तेही फक्त दिवसा. गाडीत काही वाईट घडलं तर तक्रारीसाठी मधेच उतरावं लागत नाही. टीसी, गार्ड किंवा गाडीतले पोलीस यांच्याकडून फॉर्म घ्यायचा, भरून द्यायचा, तो पुढच्या पोलीस ठाण्यात पोचतो. रेल्वे सुरक्षा दलाच्या महिला पोलीस २०२० पासून 'मेरी सहेली' म्हणून एकट्या प्रवासी बायकांना डब्यात येऊन भेटतात. भेटल्या तर नीट बोल, बर्थ नंबर सांग. इतर कुठंही ११२.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते, कारण मी परिचारिका आहे. आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. घरातनं निघताना अर्धा कप चहा, आणि मग परत घरी येईपर्यंत तोंडाला पाणी लावायचं नाही, कारण वाटेत जायचं कुठं? मी एकोणचाळीस वर्षं याचे परिणाम पाहिले. लघवीला जळजळ, ताप, कंबर धरून आलेल्या बायका. विचारलं की हळूच सांगायच्या, "यात्रेला गेलो होतो, सिस्टर." लग्नाच्या वऱ्हाडातनं आलेल्या, अभ्यास दौऱ्यावरनं परतलेल्या कॉलेजच्या मुली, शिक्षिका, सगळ्या. गुंडापेक्षा जास्त बायकांना या एका कारणानं घरात बसवलंय, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यावर आपण लाजेनं गप्प बसतो. मुंबईत 'राइट टू पी' म्हणून बायकांनी चळवळ केली तेव्हा लोक त्या नावाला हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तू पाणी पी. भरपूर पी. त्याची सोय आधी आख: रेल्वे स्टेशनावर बायकांची वेटिंग रूम असते, तिथल्या सफाईच्या मावशींशी दोन शब्द बोल, त्या स्वच्छ संडास दाखवतात आणि पिशवीवर लक्षही ठेवतात. बसपेक्षा आगगाडी मला याच कारणानं बरी वाटते. पाळी येण्यासारखी असेल तर पॅड, जुनी वर्तमानपत्रं आणि काळी पिशवी वरच्या कप्प्यातच ठेव. ओआरएसची चार पाकिटं, पॅरासिटामॉल. हंपीचे दगड मार्चपासूनच तापतात, म्हणून दिवाळीनंतरच जा.

तुझ्या आईनं सणापूरची बातमी कापून ठेवलीय, असं तू लिहिलंस. मला ती माहीत आहे. या मार्च महिन्यात हंपीपासून जवळच, नदीपलीकडे सणापूरला, रात्री कालव्याकाठी चांदणं बघत बसलेल्या पाच जणांवर हल्ला झाला. दोन बायकांवर अत्याचार झाला आणि कालव्यात ढकललेल्या एका तरुणाचा जीव गेला. आई घाबरली तर ती बरोबरच आहे, तिला खोटं पाडू नकोस. पण ती म्हणते, सोबत कुणी असतं तर. त्या रात्री सोबत तीन पुरुष होते. त्या पाचांपैकी कुणाचीही काही चूक नव्हती. चांदणं बघणं ही चूक नव्हे. आणि तरीही मी तुला सांगणार आहे की अंधार पडल्यावर नदीकाठी, कालव्यावर, देवळांच्या पडक्या भागात जाऊ नकोस, मातंग टेकडीवर सूर्योदयासाठी अंधारात एकटी चढू नकोस. ही दोन वाक्यं एका तोंडानं बोलताना मला त्रास होतो. दुसरं वाक्य जगाच्या आजच्या स्थितीबद्दल आहे. पहिलं तुझ्याबद्दल आहे, आणि ते कधीही बदलत नाही.

म्हणून हेही लिहून ठेवते. काहीही झालं तरी, कितीही उशिरा, घरी फोन कर. कुठलंही रुग्णालय, सरकारी असो की खासगी, अत्याचार झालेल्या बाईला मोफत उपचार नाकारू शकत नाही, २०१३ पासून तसा कायदा आहे. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, ती हद्द आमची नाही असं म्हणता येत नाही. माझ्याकडे बायका आठ-आठ दिवसांनी यायच्या, लपवून, कारण घरचे काय म्हणतील याची भीती दुखण्याहून मोठी होती. तुझ्या आईला हे पत्र वाचायला दे. तिनं तुला जाण्याआधी एवढंच सांगावं, "काही झालं तर मी तुला 'कशाला गेली होतीस' असं विचारणार नाही." हे वाक्य तुझ्या पिशवीत असू दे, मिरचीचा स्प्रे नसला तरी चालेल.

आपल्या मुलींना "बरं दिसत नाही" या तीन शब्दांनी वाढवलेलं असतं. शेजारचा माणूस सरकत सरकत जवळ येतोय, पोटात गोळा येतोय, आणि आपण गप्प, कारण उठून जागा बदलली तर बरं दिसत नाही. लेकी, पोटातला गोळा खरा असतो. शंभरातल्या नव्वद वेळा माणूस साधा निघेल, तरी उठ. ओरडावंसं वाटलं तर मराठीत ओरड, कन्नड येत नाही म्हणून थांबू नकोस. आणि बायकांजवळ बस. मोठ्या बाईला "अक्का" म्हण, तो शब्द मिरजेतही चालतो आणि होसपेटलाही. कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून तिथल्या रहिवासी बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही. तू महाराष्ट्रातली, तुला ते काढावंच लागेल. पण त्या गाड्या बायकांनी भरलेल्या असतात, देवाला निघालेल्या, लेकीकडं निघालेल्या. मोकळीक मिळाली तशा त्या बाहेर पडल्या. त्यांच्यात तुला जागा मिळेल.

फोनचं आईशी आधी ठरव. सकाळी एक, रात्री एक, आणि ठिकाण कळत राहील अशी सोय एकाच माणसाकडे. तासातासाला उत्तरं देत बसलीस तर तू हंपीला गेलीच नाहीस असं होईल.

तिथं काय बघशील ते मी सांगत नाही. एकच जागा सांगते. पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर दगडी रथ आहे ना, तो विठ्ठलाच्या देवळातला. देवळापर्यंत बॅटरीची गाडी जाते. मी गेले तेव्हा ती एक तरुण मुलगी चालवत होती, मान ताठ. आपल्याकडे कथा सांगतात की कृष्णदेवरायानं पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. इतिहास काय म्हणतो तो निराळा, पण आज त्या देवळाचा गाभारा रिकामा आहे. मी आयुष्यभर आषाढीला वैद्यकीय पथकात पंढरपुरी गेले, पेटी घेऊन, आणि गर्दीत दर्शन कधी धड झालं नाही. त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढं मी तासभर बसले. कुणाला पाणी द्यायचं नव्हतं, कुणाचा ताप बघायचा नव्हता, कुणी हाक मारणार नव्हतं. मग बाहेर येऊन सावलीत पाय पसरले आणि शिदोरीची भाकरी खाल्ली. अठ्ठावन्न वर्षांत मी कुणाच्याही कामात नसलेला तो पहिला दिवस.

मला तो अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळाला. तुला एकविसाव्या वर्षी मिळावा म्हणून हे पत्र लिहितेय. तुझ्या आईला तर तो अजून मिळालेला नाही. तिच्याशी बोलताना हे मनात असू दे, म्हणजे आवाज चढणार नाही. तिनं पुन्हा विचारलं, काम काय आहे तिकडं, तर सरळ सांग, "काही काम नाही, आई. बघून येते." आणि ती तरीही नको म्हणाली तर मला कळव, मी येऊन तिच्याशी बोलते. परतीच्या गाडीत एखादी मुलगी एकटी, अवघडून बसलेली दिसली, तर तिला आपल्या शेजारी बोलाव.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबरच्या मध्यावर निघायचं तर सप्टेंबरच्या मध्याला तिकीट काढ. लेडीज कोट्यात सहाच बर्थ आहेत.

तुझी,
सिस्टरआजी